खांबांवरच्या टोप्या

भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहत होता त्या वर्षांत वसाहतीच्या कडेला कॉलेजची एक इमारत बांधली गेली. तिचा निम्मा भाग नकाशावर ठिपक्यांच्या रेषांनी दाखवलेला होता. तळमजला त्या वेळी बांधायचा आणि वरचा मजला पुढे, मुले वाढतील तेव्हा, असे ठरले होते. म्हणून खांब छपरापाशी संपवले तरी त्यांच्यातल्या लोखंडी सळ्या गच्चीवर कमरेइतक्या उंच सोडल्या होत्या. पुढे नव्या खांबाच्या सळ्या त्यांना बांधल्या की जुना आणि नवा खांब एकजीव व्हावा, अशी ती योजना होती. इमारती अशा अर्धवट ठेवण्यामागे एक मोठा विश्वास असतो. आज काम करणारा माणूस, ज्याला तो कधी भेटणार नाही अशा माणसासाठी काही मोकळे सोडून ठेवतो.

त्या इमारतीच्या काँक्रीटचा मिस्त्री होता चंपत रंगारी. तो पवनीजवळच्या एका खेड्यातला. बाप जाडेभरडे लुगडे विणत असे. गिरणीच्या कापडाने तो माग बंद पाडला, तेव्हा चंपत सडकांच्या आणि पुलांच्या कामावर गेला. छप्पन सालच्या दसऱ्याला त्याने नागपूरला जाऊन बायकोसह दीक्षा घेतली आणि पुढच्याच वर्षी बायको गिरजाबाई आणि लहानगी सत्यशीला यांना घेऊन तो भिलाईला आला. दीक्षेने त्याच्यात काय बदलले हे त्याला शब्दांत सांगता आले नसते. पण त्याच्या कामात ते दिसत असे. ओळंब्याची दोरी तो दोनदा सोडून पाही. मालात पाणी जास्त पडले तर अख्खा घाणा फेकून द्यायला लावी आणि ठेकेदाराच्या शिव्या मुकाट्याने ऐकून घेई.

या कडकपणाला एक जुने कारण होते. भिलाईच्या आधी तुमसरकडे एका मोरीच्या कामावर तो होता. ठेकेदाराने सिमेंट वाचवले, पहिल्याच पुरात मोरीची भिंत बसली, आणि पाहायला आलेला अधिकारी टोळीच्या देखत म्हणाला, "या लोकांच्या हातचं काम. सिमेंट खाल्लं असेल, दुसरं काय." चंपत तेव्हा पाण्यात गुडघाभर उभा राहून दगड काढत होता. ते वाक्य त्याने कोणाला परत सांगितले नाही. मात्र त्यानंतर आपल्या हाताखालून कमजोर असे काही जाऊ द्यायचे नाही, हा त्याचा नियम झाला. त्याचे पुढचे सगळे बरेवाईट या नियमातूनच घडले.

कॉलेजचे काम शामसुंदर खानझोडे नावाच्या तरुण इंजिनिअरकडे होते. ते वर्ध्याचे. बोलणे तुटक, पण माणूस न्यायी. अठ्ठावन्नच्या हिवाळ्यात छपराचा स्लॅब पडत असताना त्यांनी चंपतला उभ्या सळ्यांपाशी नेले.

"चंपत, यांच्यावर टोप्या घालायच्या. पण माल कमजोर ठेव. सिमेंट नावापुरतं."

"कमजोर कावून, साहेब?"

"सळीला पाऊस लागून ती गंजू नये, एवढंच त्याचं काम. मजला चढवताना टोपी फोडून सळी मोकळी करावी लागेल. लहान हातोडीनं पडली पाहिजे."

"म्हनजे पडाचंच काम कराचं म्हना ना."

"हो, पडायचंच. आणि ऐक, इथं तुझा शहाणपणा नको."

टोळी हसली. चंपतही हसला. त्याला समजले नाही असे नव्हे. समजले, आणि तरीही साहेब खाली उतरल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे दुसरेच चित्र उभे राहिले. अजून काही वर्षांनी कोणी अनोळखी मुकादम या गच्चीवर येईल, हातोडीचा एक टोला मारील, आणि सगळी टोपी भुगा होऊन पडेल. तो विचारील, कोणाचं काम हे? आणि कोणीतरी नाव सांगेल. साहेबाने कमजोर सांगितले होते, हे सांगायला तेव्हा साहेब तिथे असणार नाही.

स्लॅबसाठी माल कालवायचे मशीन चालूच होते. चंपतने मिश्रण बदलायला सांगितले नाही. छपराला जो पक्का माल जात होता तोच त्याने टोप्यांच्या साच्यांत भरला, आणि भरताना सळईने टोचून टोचून त्यातली हवाही काढली.

गिरजाबाई त्याच कामावर रेजा होती. इकडे बांधकामावर मजुरी करणाऱ्या बायांना रेजाच म्हणतात. डोक्यावरचे घमेले उतरवताना ती थबकली.

"अवो, साहेबानं कमजोर म्हनतलं होतं ना? हा तं स्लॅबचाच माल हाय."

"तुले काय समजते त्यातलं?"

"घमेलं माह्या डोक्स्यावर हाय. मले नाई समजन तं कोनाले समजन? वजनातच समजते."

"मंग चूप राह्य. आपल्या हातानं कच्चं काम झालं नाई पायजे. उद्या म्हनतील, सिमिट खाल्ली."

"आन् साहेब म्हनतीन, ऐकलं नाई."

"साहेब काय फोडाले येते का?"

गिरजाबाईने पुढे वाद घातला नाही. उलट ओल्या गोणपाटांत टोप्या गुंडाळून तिने सकाळ-संध्याकाळ त्यांवर पाणी घातले. जे मुद्दाम कच्चे ठेवायचे होते, ते नवराबायकोने मिळून असे पिकवले. त्या आठवड्यात दोघेही आनंदात होते, एवढे मात्र नोंदवले पाहिजे. पश्चात्ताप नंतरचा असतो. काम करताना तो कुठेच नसतो.

पुढे चंपतला कारखान्याच्या बांधकाम-दुरुस्ती खात्यात कायमची नोकरी लागली आणि झोपडीतून ही मंडळी सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये आली. ऑफिसात रद्द झालेले निळे नकाशे फेकून देत. चंपत ते मुलीच्या पुस्तकांना वेष्टण घालायला आणी. सत्यशीला पुस्तक कमी आणि वेष्टण जास्त वाचते, अशी गिरजाबाईची तक्रार असे. एकदा त्यांत कॉलेजचाच नकाशा निघाला.

"बाबा, हे वरचे ठिपके कायचे?"

"थो वरचा मजला हाय. व्हायचा हाय अजून."

"मंजे नाही आहे."

"हाय बी आन् नाई बी. सळ्या सोडल्या हायत ना त्याच्यासाठी."

"कोणी सोडल्या?"

"तुह्या बापानं."

हे उत्तर त्या मुलीच्या मनात घट्ट बसले. कंपास आणि पट्टी घेऊन ती ठिपक्यांच्या जागी पक्क्या रेषा ओढी, खिडक्या बसवी, जिन्याच्या पायऱ्या मोजून बरोबर उतरवी. मॅट्रिकच्या वर्षी कळले की कॉलेजात नकाशाकामाचा दोन वर्षांचा वर्ग निघणार आहे. त्याला उत्तरेचा उजेड आणि मोठी टेबले हवीत, म्हणून तो वरच्या मजल्यावरच भरेल. वर्ग मंजूर होता, पण जुलैपर्यंत मजला उभा राहिला तरच. नाहीतर त्या वर्षीची मंजुरी दुसऱ्या गावाला जाणार होती. सत्यशीला स्वतः खानझोडे साहेबांना रस्त्यात गाठून विचारून आली आणि घरी येऊन आईला म्हणाली, "साहेब बोलले, मुलींनाही घेता येतं. मी पहिलीच असेन बघ."

"आधी पास तं हो."

"पास तर होणारच आहे. मजलाच नापास नको व्हायला."

ती मॅट्रिक पहिल्या वर्गात पास झाली. सहासष्टच्या उन्हाळ्यात गच्चीवर काम सुरू झाले.

त्या दिवशी चंपतची सुट्टी होती. धुतलेला शर्ट घालून तो एखाद्या लग्नाला जावा तसा कॉलेजवर गेला. खानझोडे आता वरच्या हुद्द्यावर होते, कानांजवळ केस पांढरे झाले होते. ठेकेदाराचा मुकादम भय्याजी हा भंडाऱ्याकडचा, तोंडाचा फटकळ माणूस. साहेबांनी त्याला टोप्या दाखवल्या.

"या कमजोर मालाच्या आहेत. लहान हातोडीनं पडतील. सळीला मार लागू देऊ नका."

"साहेब, कोन सांगावं, आतून काय निघते थे."

"मी सांगतो ना. मीच सांगून करून घेतल्यात. या चंपतरावांनी केल्यात, म्हणजे सांगितलं तसंच असणार."

आठ वर्षांपूर्वी ते 'चंपत' म्हणत. आज त्यांनी चारचौघांत 'चंपतराव' म्हटले, आणि त्याच वाक्यात त्याच्यावर विसंबून एक खोटी गोष्ट खरी धरली. चंपतने तोंड उघडले होते. एवढेच म्हणायचे होते, साहेब, माल पक्का आहे. पण ज्या मानासाठी त्याने तो पक्का केला होता, तोच मान त्याला त्या क्षणी, पक्का केला नाही असे समजून, दिला गेला होता. तो परत करणे त्याला जमले नाही. खानझोडे कारखान्यातल्या बैठकीला निघून गेले.

पहिली हातोडी टोपीवर पडली आणि टणकन उसळली. दुसरीही उसळली. मजुराने हात झटकला.

"चंपतभाऊ," भय्याजी म्हणाला, "सिमिटात जुन्या चुन्यासारखा गूळ टाकला होता का बेलफळ? हातोडी नाचून राहिली ना माही."

"पेज पाजली होती," चंपत म्हणाला. "भाताची."

"कमजोर म्हनते साहेब याले! मंग पक्कं कसं असन बाप्पा?"

मजूर हसले, आणि चंपतला ते हसू गोड लागले. ज्या अनोळखी मुकादमाची त्याने इतकी वर्षे धास्ती घेतली होती तो आज समोर उभा होता आणि त्याच्या कामापुढे हात टेकत होता. अशा सुखातून स्वतःला उठवायला लागणारे बळ फार थोड्यांपाशी असते. दुपारी सत्यशीला डबा घेऊन आली. वर येऊन तिने हातोडीचा आवाज ऐकला.

"बाबा, तुमचं आहे ना हे?"

"हो, माय."

"तुटतच नाही!"

"तुटन. येळ लागन थोडा."

ती गच्चीच्या कडेशी उभी राहून, टेबले कोणत्या बाजूला येतील ते हाताने दाखवत होती. खाली उतरून साहेबांना निरोप धाडायला अजूनही उशीर झाला नव्हता. चंपत डबा उघडून जेवायला बसला.

जेवण आटोपेपर्यंत भय्याजीचा धीर सुटला. संध्याकाळपर्यंत निदान एक ओळ मोकळी करायची होती. त्याने घण आणवले. दोन धिप्पाड गड्यांनी पाळीपाळीने घाव घालायला सुरुवात केली. पहिली टोपी फुटली ती ढेकळे उडवत फुटली, आणि तिच्यातल्या सळ्या वाकून आडव्या झाल्या. चंपतच्या तोंडावरचे हसू तिथे ओसरले. दुसरीच्या वेळी त्याला तळपायातून हादरा जाणवला. काँक्रीटच्या माणसाला तो हादरा ओळखू येतो. घाव टोपीत न जिरता खाली खांबात उतरत होता. तिसऱ्या टोपीवर घण पडला तेव्हा तो "थांबवा, थांबवा" म्हणत धावला, आणि त्याच वेळी खालच्या वर्गखोलीत गिलाव्याचा एक मोठा पोपडा गळून पडल्याचा आवाज आला.

खांबाच्या माथ्याशी, तुळई जिथे त्याला मिळते तिथे, तडे गेले होते. एकात नव्हे, त्या ओळीतल्या तिन्ही खांबांत. सळ्या माथ्यात सैल झाल्या होत्या. त्यांच्या भरवशावर वर आणखी एक मजला उभा करणे म्हणजे ढिल्या दातावर सुपारी फोडण्यासारखे होते.

खानझोडे आले. खालून वर, वरून खाली, असे बराच वेळ पाहत राहिले. मग गच्चीवर पडलेले एक ढेकूळ त्यांनी उचलले, उन्हाकडे धरून फुटलेली बाजू पाहिली. कमजोर माल फुटतो तेव्हा खडी आख्खी सुटून येते, कारण तिला धरून ठेवणारे काही नसते. या ढेकळात खडी मधोमध चिरली होती. सिमेंटने तिला सोडले नव्हते.

"चंपतराव," ते म्हणाले, "खडी तुटली आहे."

चंपतने ढेकूळ हातात घेऊन चिरलेल्या खडीवरून बोट फिरवले.

"पक्का माल घातलास."

"हो साहेब."

"घातलास तर घातलास. सकाळी इथं उभा होतास ना तू? तेव्हा सांगायचं होतं. छिन्नीनं हळूहळू सोडवलं असतं. वेळ लागला असता, खांब वाचले असते." आणि थोड्या वेळाने, आवाज खाली आणून, "चोरी केली असतीस तर मला काय करायचं ते माहीत होतं. आता याला मी काय म्हणू?"

त्यांनी त्याच्याविरुद्ध एक शब्दही लिहिला नाही. चंपतला ते शिक्षेपेक्षा जड गेले, असे गिरजाबाई पुढे सांगत असे.

तडे गेलेल्या खांबांना लोखंडी पट्ट्यांनी आवळून छप्पर सावरले गेले. वरचा मजला मात्र या खांबांवर चढणार नाही, हे ठरले. नवा आराखडा असा निघाला, की जुन्या इमारतीच्या बाहेरून नव्या पायांवर नवे खांब उभारायचे, त्यांच्यावर लांब तुळया टाकायच्या आणि मजला जुन्या छपराला न टेकवता त्याच्या वर तरंगता ठेवायचा. उपाय चोख होता, पण त्याला नवी मंजुरी, नवे खोदकाम आणि नवे वर्ष लागणार होते. जुलै आला आणि गेला. वर्ग त्या साली दुसऱ्या गावाला गेला.

"खांबाले तडा गेला," चंपतने घरी एवढेच सांगितले.

"तुमचा खांब?" सत्यशीलेने विचारले. "त्याला कसा जाईल?"

गिरजाबाई चुलीपाशी पाठमोरी होती. तिने मागे वळून पाहिले नाही.

सत्यशीलेने एक वर्ष वाट पाहिली. मग शेजारच्या बालवाडीत मुलांना अक्षरे शिकवू लागली आणि आणखी एक वर्ष वाट पाहिली. नव्या खांबांचे खड्डे पावसात भरत आणि पुन्हा उपसले जात. अडुसष्टच्या उन्हाळ्यात गोंदियाचे स्थळ आले. देवीदास रेल्वेत फिटर होता, मुलगा निर्व्यसनी, घर सुशिक्षित. नाही म्हणण्यासारखे काही नव्हते. तिच्या नशिबी वाईट आले असे कोणी म्हणू शकत नाही. एक गोष्ट तिच्या हातून निसटली, एवढेच. आयुष्यातले बहुतेक नुकसान असेच असते, त्याच्यासाठी कोणी रडत नाही. सासरी जाताना निळे नकाशे तिने माहेरीच ठेवले. चंपतने ते कपाटावर ठेवले आणि नंतर त्या कपाटावरची धूळ कधी झाडली नाही.

एकोणसत्तरच्या शेवटी मजला झाला आणि पुढच्या जुलैत नकाशाकामाचा वर्गही तिथे सुरू झाला. पुढच्या हिवाळ्यात सत्यशीला बाळाला घेऊन माहेरी आली आणि आपणहून म्हणाली, "चला बाबा, बघून येऊ."

बाहेरून पाहताना जुनी इमारत नव्या खांबांच्या आत, दुसऱ्याच्या अंगणात उभे राहावे तशी उभी होती. जुन्या छपराच्या आणि नव्या तुळयांच्या मध्ये हाताचा पंजा आडवा जाईल एवढी फट ठेवली होती. चंपतच्या खांबांवर आता त्यांच्या स्वतःच्या छपराखेरीज कशाचाही भार नव्हता. बापलेक वर्गावरून न थांबता जिन्याने थेट गच्चीवर गेली. तिथेही सळ्या सोडल्या होत्या, आणखी कधीतरी चढणाऱ्या मजल्यासाठी. त्यांच्यावर टोप्या होत्या. सत्यशीलेने सहज एकीला नख लावले, तर वाळू सुटून खाली पडली.

"बाबा, हे पाहा. कोणाचं काम आहे? एकदम खराब."

चंपतने खिशातली किल्ली काढून टोपीवर ओरखडा ओढला. माल भुरभुरत होता. त्याने ती रेघ बोटाने पुसली.

"खराब नाई," तो म्हणाला. "हे असंच पायजे असते."

आणि मग, ज्या मुलीला सांगायला चार वर्षे तोंड उघडले नव्हते, तिला त्याने उभ्या उभ्याच सगळे सांगितले. साहेबांनी काय म्हटले होते, त्याने काय केले, आणि ती डबा घेऊन आली त्या दुपारी तो का बोलला नाही. तुमसरची मोरीसुद्धा सांगितली. ती ऐकत राहिली. बाळाला तिने एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतले.

"आईला माहीत होतं?"

"घमेलं तिच्याच डोक्स्यावर होतं ना, माय."

 ती बोलली तेव्हा आवाजात राग नव्हता.

"मी तिथंच उभी होते बाबा, जुन्या गच्चीवर. मला सांगतलं असतं. मी गेले असते साहेबांकडे धावत. रागावले असते तर माझ्यावर रागावले असते."

 पुढे कधीतरी येऊन नावे ठेवणाऱ्या माणसाचा विचार चंपतने आयुष्यभर केला होता. आपल्या बाजूने बोलायला जाणारे माणूस शेजारी उभे होते, त्याचा मात्र विचार केला नव्हता.

बाळाने हात लांब करून टोपीवरची वाळू मुठीत धरली होती. सत्यशीलेने ती मूठ उघडली, तळवा पदराने पुसला आणि ती जिना उतरायला लागली. वर्ग भरला होता. दारातून आत उत्तरेचा शांत उजेड दिसत होता, आणि तिरप्या टेबलांवर वाकलेली मुले, त्यांत दोन मुली. ती न थांबता खाली गेली. चंपत दाराशी थांबला. एका मुलीने कागदावर पट्टी ठेवून रेघ ओढली, ती कुठवर जाते ते तो पाहत राहिला.